जादा पाणी म्हणजे नेमकं कुणाचं पाणी? उजनी, कृष्णा आणि आपण सोलापूरकर

पावसाळ्यात सोलापुरात कुणी "किती झालं?" असं विचारलं तर ते क्रिकेटचं नसतं, भीमेवरच्या उजनी धरणाचं असतं. इथं आभाळ कोरडं असलं तरी चालतं, पाऊस तिकडं मावळात आणि भीमाशंकरला पडला पाहिजे, मग ते पाणी पुण्याकडची धरणं भरत भरत दौंडला येतं आणि दौंडचा विसर्ग किती हजार क्युसेक ते बघून आमच्याकडं लोक ऊस लावायचा की नाही ठरवतात. माझे मामा माढा तालुक्यात असतात, त्यांना बीपीची गोळी घेतली का नाही ते आठवत नाही पण सकाळचा दौंडचा आकडा तोंडपाठ.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्या फॅमिली ग्रुपवरचं एक जुनं भांडण. ऑगस्ट २०१९. ताई कोल्हापूरकडं शिरोळ तालुक्यात दिलेली, तिचं घर पाण्यात, ती पोराबाळांना घेऊन शाळेत राहायला गेलेली. मामांनी लिहिलं, "तुमच्याकडं एवढं जास्तीचं पाणी आहे तर आमच्याकडं पाठवा की." ताईनं उत्तर दिलं, "या बादल्या घेऊन." तेवढ्यात वहिनीचे भाऊ, ते परंड्याचे, मधेच बोलले की मामा तुम्ही कोल्हापूरचं मागताय, मग उजनीतलं मराठवाड्याच्या वाट्याचं पाणी कधी सोडताय? तर मामा लगेच, "उजनीचं पाणी आमचंय, थेंब मिळणार नाही." एकच माणूस, एकच सकाळ, दहा मिनिटांत दोन्ही बाजूनं भांडला. मला तेव्हा हसू आलं, नंतर वाटलं की मामा काय चुकीचं बोलले हे मला तरी कुठं नीट सांगता येतंय. मग वाचत गेलो.

सुरुवात खोऱ्यापासून. पत्र्याच्या घराला मधे आढं असतं बघा, आढ्याच्या अलीकडं पडलेला पाऊस अलीकडच्या पन्हाळीतून जातो, पलीकडचा पलीकडच्या. नदीचं खोरं म्हणजे तेच, एका पन्हाळीत ज्या ज्या पत्र्यावरचं पाणी येतं तो सगळा पत्रा. सह्याद्री हे सगळ्यात मोठं आढं, पश्चिमेचं पाणी कोकणातून समुद्रात, पूर्वेचं आपल्याकडं. मग आपल्याकडं पुन्हा छोटी आढी आहेत, महादेवाची डोंगररांग कृष्णा आणि भीमेच्या मधे, बालाघाटची रांग गोदावरी आणि भीमेच्या मधे. पाणी वळवणं म्हणजे हे आढं फोडून बोगदा काढायचा, नाहीतर पंप लावून पाणी वर उचलून पलीकडच्या पन्हाळीत टाकायचं. एवढंच आहे ते. बाकी सगळी भांडणं, मोर्चे, कोर्टकचेऱ्या या एवढ्याशा कामावरून.

आता एक गंमत, जी निम्म्या लोकांना माहीत नसते. भीमा ही कृष्णेचीच उपनदी आहे, आपल्या इथून पुढं जाऊन रायचूरच्या जवळ ती कृष्णेला मिळते. म्हणजे कृष्णेचं पाणी भीमेत आणणं हे कागदावर "दुसऱ्या खोऱ्यात" नेणं होतच नाही, एकाच घरातल्या या खोलीतून त्या खोलीत. पण कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला हे सांगून बघा, तो म्हणेल खोली माझी आहे.

आकड्यांचं एकदाच उरकून घेतो. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरच्या आसपास, एक मोठी घागर समजा. ११,५७४ क्युसेकनं दिवसभर पाणी वाहिलं की एक टीएमसी होतं. हा ११,५७४ चा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे, आणि पुढाऱ्यांची भाषणं ऐकताना पण लागतो.

उजनी १९८० साली पूर्ण झालं, भरलं की सुमारे ११७ टीएमसी. पण त्यातलं ६३.६६ हे मृतसाठा, म्हणजे दारांच्या खालचं, सहज सोडता न येणारं पाणी, आणि ५३.५७ उपयुक्त, आणि आपण जे टक्के बोलतो ते या ५३.५७ चे असतात. म्हणून उजनी "मायनस" मधे जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती, म्हणजे मृतसाठ्यातलंही ३२ टीएमसी उपसलं होतं. बाहेरच्या माणसाला वजा साठ टक्के पाणी ही काय भानगड ते कळतच नाही, धरणात उणे पाणी कसं असेल म्हणतो.

बरं, पाणी वळवण्याचा विषय आला की आपल्याला वाटतं हे सगळं भविष्यातलं काहीतरी आहे, नदीजोड वगैरे. पण आपल्या भीमेचं पाणी शंभर वर्षांपासून वळवलं जातंय, तेही उलट्या दिशेला. लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकळवाडी, मुळशी ही टाटांची धरणं सगळी भीमेच्या खोऱ्यात. त्यांचं पाणी घाटाखाली सोडून खोपोली, भिवपुरी, भिरा इथं वीज करतात, खोपोलीचं केंद्र १९१५ चं आहे, आणि वीज झाल्यावर ते पाणी पाताळगंगा, उल्हास, कुंडलिका या नद्यांत जातं. म्हणजे जे पाणी निसर्गानं दौंडवरून उजनीला यायचं ते कोकणात. मुळशीला शेतकऱ्यांनी १९२१ मधे सत्याग्रह केला होता, सेनापती बापट पुढं होते, पण तो जमिनीसाठी होता, खालच्या सोलापूरच्या पाण्याचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार, उजनी तर नव्हतीच. कोयनेचं तसंच, १०५ टीएमसीचं धरण कृष्णेच्या खोऱ्यात, पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत आणि मग समुद्रात. कृष्णा लवादानं कोयनेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेला न्यायला परवानगी दिली आहे, आणि टाटांचं वर्षाला सरासरी ४२ च्या आसपास.

आता बेरीज करा. शंभराच्या वर टीएमसी पाणी पूर्वेचं पश्चिमेला जातंय. हे सगळं परत वळवा अशी मागणी आमच्याकडं अधूनमधून होते आणि ऐकायला एकदम बरोबर वाटते, फक्त मुंबईची वीज आणि पाताळगंगेच्या काठचे कारखाने आता त्याच पाण्यावर बसलेत. शंभर वर्षं एखाद्याच्या वावरातून वाट गेली की ती वाट मोडता येत नाही, तसं आहे ते.

लवाद. दोन राज्यांचं नदीवरून भांडण झालं की केंद्र सरकार लवाद नेमतं. कृष्णेसाठी १९६९ मधे बच्छावत लवाद बसला, निकाल १९७३ ला आला आणि १९७६ ला अंतिम झाला. त्यांनी हिशोब असा केला की शंभरातली पंचाहत्तर वर्षं कृष्णेत किमान किती पाणी असतं? उत्तर आलं २,०६० टीएमसी. ते वाटलं, महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००. आणि महाराष्ट्राला वर अटी घातल्या, त्यातली एक आपल्या भीमेवर की वरच्या भीमेतून इतक्याच्या वर वापरायचं नाही.

मग चांगल्या पावसाच्या वर्षात २,०६० च्या वर जे वाहतं त्याचं काय? हे ते "जादा पाणी". बच्छावतनं सांगितलं की आंध्रनं ते वापरावं, ते सगळ्यात खाली आहेत, पण त्यावर त्यांचा हक्क बसणार नाही. झालं, तिथंच मेख आहे. एखाद्याला तीस वर्षं म्हणायचं की हे तू वापर पण ते तुझं नाही, तो काय ऐकणार आहे? त्यांनी त्यावर कालवे काढले, पिकं उभी केली. २००४ मधे दुसरा लवाद बसला, ब्रिजेशकुमार यांचा, त्यांनी २०१० मधे हे जादा पाणीसुद्धा वाटून टाकलं आणि महाराष्ट्राचा वाटा ६६६ वर गेला. पण प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, निकाल राजपत्रात आलाच नाही, आणि तो तिथं येईपर्यंत ते ६६६ हे उधारीचं बोलणं आहे.

म्हणून कुणी स्टेजवरून म्हणालं ना की "समुद्राला वाया जाणारं पाणी वळवू" तर पहिला प्रश्न हा विचारायचा की ते कुणाच्या नावावर आहे. नदीच्या कडेला उभं राहिलं की जादा दिसतं, कागद उघडला की त्यावर खाली कुणाचं तरी नाव असतंच.

आता येऊ कृष्णा-भीमा स्थिरीकरणावर, आमच्या जिल्ह्यातला वीस वर्षांचा निवडणुकीचा मुद्दा. विजयसिंह मोहिते-पाटलांनी ही योजना लावून धरली. कल्पना अशी की कुंभी, कासारी, कडवी, वारणा, कृष्णा, नीरा असं एकेका नदीचं पुराचं पाणी बोगद्यांनी आणि कालव्यांनी पुढच्या नदीत टाकत टाकत शेवटी उजनीत आणायचं. एकमेकाला ताटं देत पंगत वाढतात तसं. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, उजनीची पूर्ण भरलेली पातळी ४९७ च्या जवळ, त्यामुळं उतार आहे, अडचण मधल्या आढ्याची. ११५ टीएमसी आणायची भाषा होती.

आता तो ११,५७४ चा आकडा काढा. पूर काय वर्षभर नसतो, धरा दोन महिने. ११५ टीएमसी साठ दिवसांत म्हणजे रोज जवळपास दोन टीएमसी, म्हणजे सलग २२ हजार क्युसेक, रात्रंदिवस. एवढा मोठा बोगदा काढायचा आणि वर्षातले दहा महिने तो रिकामा ठेवायचा. शिवाय ५६० चे ६६६ झाले तरी वाढ १०६ ची, ती सगळ्या राज्याच्या कृष्णा खोऱ्यासाठी, आणि ती पण अजून राजपत्रात नाही. योजना एकटी ११५ ची. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, तू आमच्या बाजूचा आहेस का त्यांच्या?

पण खरी अडचण हिशोबातली नाही, आभाळातली आहे. कोल्हापूरला पूर आणणारे ढग आणि मावळात पडणारे ढग एकच असतात हो. त्याच ऑगस्ट २०१९ मधे ताईचं घर पाण्यात होतं तेव्हा मामांना उजनी रिकामी दिसत होती, पण चार-सहा दिवसांत उजनीपण भरली, वरून वीर धरणातून नीरेचं पाणी आलं, आणि पंढरपुरात चंद्रभागेला पूर, वाळवंटातली मंदिरं पाण्यात. त्या आठवड्यात कोल्हापूरचं पाणी बोगद्यातून आलं असतं तर ठेवलं कुठं असतं? दुष्काळाच्या वर्षी उजनी मायनसमधे असते, पण त्या वर्षी बहुतेक वेळा तिकडंही पूर नसतो. (सांगली-कोल्हापूरकरांचा राग तर आणखी वेगळ्याच धरणावर आहे, कर्नाटकातलं अलमट्टी. त्याची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायला दुसऱ्या लवादानं मान्यता दिली आहे आणि तिकडं लोकांना वाटतं की त्या धरणामागं तुंबलेल्या पाण्याच्या फुगवट्यानंच पूर येतो. राज्यानं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मधे अलमट्टी हे मुख्य कारण नाही असं म्हटलं, पण हे शिरोळमधे मोठ्यानं बोलू नका, मी एकदा बोललोय.)

बरं आता उलटी बाजू, जिथं आपण देणारे आहोत आणि आपला आवाज बदलतो. मराठवाड्याला कृष्णा खोऱ्यातून २३.६६ टीएमसी द्यायचं ठरलेलं, त्यातलं पहिल्या टप्प्यात ७. हे ऐकलं की सोलापुरात लोक म्हणतात आमचं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात कशाला? पण परंडा, भूम, बीडकडचं आष्टी हा भाग गोदावरीच्या खोऱ्यात नाहीच, बालाघाटच्या अलीकडं आहे, तिथलं पाणी सीनेत येतं आणि सीना भीमेत. म्हणजे मामा ज्या नियमानं कृष्णेचं पाणी मागतात, एकाच खोऱ्यातलं म्हणून, त्याच नियमानं परंडेवाले उजनीचं मागतात. विभाग मराठवाडा, खोरं आपलं. जिल्ह्याची हद्द माणसांनी आखली, आढं डोंगरानं. आणि हे ७ टीएमसी उजनीच्या जिवावर नको म्हणून नीरा नदीवर उद्धटपासून उजनीच्या फुगवट्यात भादलवाडीपर्यंत बोगदा घेतला आहे, जवळपास २४ किलोमीटरचा, नीरेचं पुराचं पाणी उजनीत आणायचं आणि तेवढं पुढं सीनेकडं द्यायचं. नीरा तशी उजनीच्या खाली, नरसिंहपूरला भीमेला मिळते, तिला आधीच गाठून वर धरणात आणायची. मला ही युक्ती आवडते, पण यातही नीरा काठच्यांना विचारलं का हा प्रश्न आहेच.

आणि मग एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट, दवाखान्यात बेड मिळेनात, आणि त्यात बातमी की उजनीतून ५ टीएमसी पाणी इंदापूरच्या गावांना उचलून देण्यासाठी सर्वेक्षणाचा आदेश निघाला. आमचे तेव्हाचे पालकमंत्री दत्तात्रय भरणे, तेच इंदापूरचे आमदार. जिल्हा पेटला नसता तरच नवल. कारण काय दिलं होतं? की पुणे-पिंपरीचं सांडपाणी वाढलंय, ते उजनीत येतंय, त्या वाढलेल्या सांडपाण्यातलं हे ५ टीएमसी, उजनीच्या मूळ पाण्याला हात नाही. यावर थोडं थांबू या, कारण ही "जादा पाणी" काढायची सगळ्यात हुशार पद्धत आहे.

सांडपाणी आभाळातून पडत नाही. पुण्यानं खडकवासल्यातून जे पाणी घेतलं तेच वापरून घाण होऊन मुळा-मुठेतून खाली आलं. पुण्यानं ते घेतलं नसतं तर त्यातलं काही कालव्यानं दौंड-इंदापूरच्या शेतात गेलं असतं आणि काही नदीनं आपल्याकडं. म्हणजे इंदापूरवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, त्यांच्या कालव्याचं पाणी शहरानं खाल्लं हे खरं आहे, आणि उजनीच्या फुगवट्यात करमाळ्यासारख्या त्यांच्याही जमिनी गेल्यात. पण त्या पाण्याला "नवीन" म्हणणं म्हणजे पगाराचे पैसे एका खिशातून दुसऱ्यात टाकून बोनस मिळाला म्हणणं. मोर्चे झाले, मे महिन्यात जलसंपदा मंत्री जयंत पाटील यांनी आदेश रद्द केल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी उजनीतूनच पाणी उचलणाऱ्या लाकडी-निंबोडी उपसा योजनेला मान्यता मिळाली, सुमारे ३४८ कोटींची, आणि पुन्हा तेच. लक्षात घ्या, इथं खोरं एकच, नदी एकच, धरणसुद्धा एकच. तरी भांडण. म्हणून मला वाटतं "खोरं बदललं म्हणून वाद होतो" हे खरं नाही, वाद होतो तो कुणी न विचारता पाण्याला जादा ठरवलं म्हणून.

आपलं आपण पण बघू या जरा. सोलापूर शहरासाठी उजनीपासून ११० किलोमीटरची पाइपलाइन आहे, आता शेजारी १७० एमएलडीची, म्हणजे रोज १७ कोटी लिटरची, समांतर लाइन झाली. १७० एमएलडी वर्षभर म्हणजे सव्वादोन टीएमसीच्या आत. पण इतकी वर्षं शहरासाठी म्हणून नदीतून औज बंधाऱ्यात पाणी सोडायचे, तेव्हा एकेका खेपेला पाच-सहा टीएमसी उजनीतून निघायचं, वाटेत वाळू पिणार, ऊन पिणार, मोटारी पिणार, मग उरलेलं आमच्या नळाला, ते पण चार-पाच दिवसाआड. आणि जिल्ह्यात साखर कारखाने तीसच्या वर. मंगळवेढ्याची ज्वारी काळ्या रानात थंडीच्या दवावर येते, तिला भौगोलिक मानांकन (जीआय) पण आहे, आणि त्याच मंगळवेढ्याची चोवीस गावं पाण्यासाठी कित्येक वर्षं भांडली. उसाला पाणी लागतं हे मामांना सांगायची माझी हिंमत नाही, पण त्यांना ते माहीत आहे.

दुसरीकडंही हेच चाललंय, पटकन सांगतो. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचं म्हणून गोवा-कर्नाटक, लवादानं २०१८ मधे कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, भांडण चालूच. नाशिक-नगर विरुद्ध जायकवाडी, तिथं २००५ च्या कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या कलमावर गाडी चालते, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्यांनी सोडायचं. पण एक उदाहरण मला सगळ्यात भारी वाटतं, पोलावरमचं. गोदावरीचं ८० टीएमसी पाणी आंध्रात कृष्णेत टाकायचं ठरलं, तेव्हा वरच्या राज्यांनी म्हटलं की खाली कृष्णेला बाहेरून पाणी मिळालं तर आमच्याकडून तेवढं कमी लागेल, मग त्यातला वाटा आम्हाला वर द्या. आणि ते मान्य झालं, ४५ आंध्र, २१ कर्नाटक, १४ महाराष्ट्र. पाणी आंध्रात वळवलं आणि हक्क महाराष्ट्रात वाढला, एक थेंब इकडं न आणता. अदलाबदल. देणाऱ्याला काय मिळणार हे आधी लिहून ठेवलं की आवाज कमी होतो.

राहिलं कृष्णेचं पाणी आमच्याकडं येणं. ते खरं तर येतंय, बोगद्यानं नाही, पंपानं. म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजना कृष्णेतून पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून जत, आटपाडी, सांगोला, मंगळवेढ्याकडं नेतात, म्हणजे महादेवाचं आढं ओलांडून भीमेच्या माण नदीकडं. पुराच्या दिवसांत हे पंप चालवून तिकडचे तलाव भरून घेतात, आणि मला हे उजनीत पाणी ओतण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं, कारण ते तलाव त्या दिवसांत खरंच रिकामे असतात. अडतं ते वीजबिलावर. थकलं की पंप बंद, मग मोर्चा, मग पंप चालू. शेवटी सरकारनं ८१ टक्के बिल आपण भरायचं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं असं ठरवलं. जतच्या ज्या गावांना यातलंही पोचलं नाही त्यांनी २०२२ च्या शेवटी कर्नाटकात जातो म्हणून सांगितलं, आणि आपल्या अक्कलकोटमधूनही तसाच सूर आला, तेव्हा मुंबईत धावपळ झाली.

ताईला मागच्या दिवाळीत हे पंपाचं कौतुकानं सांगत होतो, की बघ, तुमच्या पुराचं पाणी सांगोल्याच्या डाळिंबाला चाललंय. ती करंजीचं सारण परतत होती. म्हणाली, पुरात आमच्या पुलाखालनं लाखांनी क्युसेक जातं, तुझे पंप त्यातलं किती उचलतात? मी म्हटलं चिमूटभर. "मग सांगोल्याला द्या, आमची ना नाही," म्हणाली, "फक्त आमचा पूर कमी करायला घेऊन चाललोय असं म्हणू नका."